बाराशे खुर्च्या आणि कढीपत्त्याची काडी

मी चेन्नईतलं नवं भव्य संगीत सभागृह बोलतोय. थांबा, उगाच थाप नको. मी त्या सभागृहाचं मॉडेल बोलतोय. तीन फूट लांब, दोन फूट रुंद, आत फोमबोर्ड आणि गोंद. खुर्च्या बाराशे, त्याही कागदावर छापलेल्या. तरी तोरा असा की विचारू नका.

माझा जन्म अड्यारमधल्या एका ऑफिसात, अर्चनाच्या हातून झाला. ती साताऱ्याची, आर्किटेक्ट होऊन इथे आलेली. शहरातल्या दीडशे वर्षांच्या बागेत संगीत संकुल उभारायचं होतं, ते लोकांना आधी दिसावं म्हणून मी. बागेतल्या एकेका झाडाचं अर्चनाने माप आणलं आणि तारेवर हिरवा स्पंज चिकटवून तसंच झाड माझ्याभोवती लावलं. सगळ्यात मोठा पर्जन्यवृक्ष माझ्या दाराशीच होता. संध्याकाळी पानं मिटतो, म्हणून इथले लोक त्याला तूंगुमूंजी म्हणतात, म्हणजे झोपाळू तोंडाचा.

माझं छप्पर डब्याच्या झाकणासारखं उचलता येतं. आत डोकावून लोक 'वा' म्हणत आणि मला वाटे, मीच गायलो. पण झाकण उचलताना दर वेळी हात त्या झाडाला अडायचा. एका बैठकीआधी अर्चनाने ते उपटून ड्रॉवरमध्ये टाकलं. "नंतर लावते," म्हणाली. मी खूश. आता माझं तोंड सगळ्यांना नीट दिसणार होतं.

आठवड्याने तिचे साहेब संजीव सर आले. त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवून म्हणाले, "इथे जागा आहे की. फोयर पुढे घे."

झाडाचं नाव न काढता अर्चनाने पेन्सिल उचलली. नोकरीला जेमतेम सहा महिने झाले होते. फोयर म्हणजे माझी दर्शनी ओसरी; ती पुढे आली, आत खुर्च्या नऊशेच्या बाराशे झाल्या आणि नकाशाही तसाच झाला. म्हणजे बागेतलं खरं झाड आता तोडावं लागणार होतं. मला मात्र पोट सुटल्याचाही आनंदच झाला.

मग लोकांच्या सूचना घ्यायला मला बागेतच एका मांडवात ठेवलं. पहिल्या चौघांनी विचारलं, "कँटीन कुठे आहे?" चेन्नईत सभागृहाची पारख तिथूनच होते. पाचव्या आल्या गोदाअम्मा, तंजावरकडच्या मराठी, निवृत्त शिक्षिका. रोज सकाळी त्या झाडाखाली बसून त्या आठ-दहा मुलींना गाणं शिकवतात.

"हॉल बरीक सुंदर, मा," त्या अर्चनाला म्हणाल्या. "आमचं तूंगुमूंजी कोठे?"

"ते... झाकण उघडताना अडत होतं, अम्मा."

"गाणं तर तेथेच आहे की. त्याला उठवून मग हा हॉल कोणाकरितां?"

गोदाअम्मांनी भाजीच्या पिशवीतून कढीपत्त्याची काडी काढली आणि नेमकी जागा बघून माझ्या फोयरच्या छपरात खुपसली. आरपार. मला लागलं, पण माझ्या अभिमानाला त्याहून जास्त लागलं.

अर्चना तशीच संजीव सरांकडे गेली. आजूबाजूला संकुलाच्या कमिटीची माणसं उभी होती. "सर, तिथलं झाड मी मॉडेलमधून काढलं होतं. म्हणून ती जागा मोकळी दिसली."

"हे आत्ता सांगतेस?"

"हो सर. तोडल्यावर सांगून काय उपयोग?"

सरांनी वाकून काडीपासून दारापर्यंतचं अंतर बोटांनी मोजलं. मग कमिटीकडे वळून म्हणाले, "फोयर मागे घ्यावा लागेल." बाराशेच्या पुन्हा नऊशे खुर्च्या झाल्या आणि माझं काम संपलं.

हल्ली मी कपाटावर असतो. पोटात पालीचं बिऱ्हाड आहे. ती अधूनमधून चुकचुकते, तेवढीच माझ्याकडची मैफल. कढीपत्ता वाळला आणि त्याची पानं फोयरमध्ये गळली. माझ्या आयुष्यात आत येऊन बसलेले प्रेक्षक तेवढेच.

खाली टेबलावर नवं मॉडेल आहे. ड्रॉवरमधलं झाड अर्चनाने त्याच्या दाराशी दुप्पट गोंद लावून बसवलंय. झाकण उघडताना अजूनही हात अडतो आणि येणारे कुरकुरतात. बाबांनो, अडू द्या. हात थोडा वळवून घ्या, पण ते उपटू नका. मागे उपटलं, तेव्हा मी खूश झालो होतो. त्याची लाज वाटते, म्हणून एवढं बोललो.