म्हस्कूच्या घरची मेढ

माझा धाकटा दीर म्हस्कू. शेळगावात त्याच्या विहिरीवर रक्तचंदनाचं झाड हुतं. आमच्या सासऱ्यानं मेंढरांमागं हिंडताना लांब आंध्राकडनं रोप आनलेलं. पंचक्रोशीत तसलं दुसरं न्हाय. खोटं वाटत आसंल तर छकुले, आत्ताच ऊठ, पुढं भ्याचंच हाय.

नव्वद-एक्क्याण्णव साल आसंल. रान उसाखाली आलं अन् ट्रॅक्टर झाडापाशी वळंना. म्हस्कू म्हनला, "उद्या पाडतो."

त्याची बायको बनाबाई आडवी आली. "अवो, हे एकच हाय."

विहिरीवर टाचण्या भिरभिरत हुत्या, चतुराच्या जातीचं किडं, सुईवानी बारीक, लाल. म्हस्कूनं एक चिमटीत धरली. "बने, ही मेली तर कोन रडतंय? झाडाचंबी तसंच."

"हिच्या जागी सांजपातूर धा येत्याल. त्याच्या जागी कोन यील?"

म्हस्कू नुसता हसला.

आमच्यात झाड पाडायच्या आदल्या सांजंला बुडाशी तांदूळ ठिवून सांगत्यात, कुनी ऱ्हात आसंल त्यानं दुसरीकडं बिऱ्हाड करावं. बनाबाईनं तांदूळ ठिवलं, हात जोडलं. म्हस्कूला चेष्टा सुचली. "दुसरीकडं कशाला? या की आमच्याच घरी!"

"भावजी, आवतान देऊ नगा," मी म्हनलं. पर शबुद सुटला हुता. वारं न्हवतं, तरी सगळा शेंडा हालला. टाचण्या एकदम उठल्या अन् आमच्या म्होरं म्होरं गावाकडं निघाल्या.

सकाळी झाडाला पान न्हवतं. म्हस्कूनं कुऱ्हाड घातली, तर चिपाडावानी पोकळ वाजलं. आत नुसता भुगा. तेवढ्यात घराकडनं बनाबाईची किंकाळी.

पळत गेलो. आढ्याला, भांड्यांवर, वलनीवर लाल टाचण्या, पंख मिटून, गप. हुसकावल्या तरी हालंनात. अन् मधली मेढ, जिच्यावर सगळं घर उभं, ती बाभळीची वाळकी मेढ लाल पाझरत हुती. आमच्या डोळ्यांदेखत तिला कवळं पान फुटलं.

म्हस्कूच्या हातात कुऱ्हाड तशीच. मेढ तोडावी तर छप्पर डोक्यात.

"तोडा की आता," बनाबाई म्हनली. "का हितंबी ट्रॅक्टर वळवायचाय?"

म्हस्कूनं कुऱ्हाड भाईर टाकली. भरली घागर आनून मेढीच्या बुडाशी वतली. भुईनं घटाघटा पिल्याचा आवाज आमी तिघांनी ऐकला.

घागर रिती झाली, तरी आवाज थांबंना.