क्लचवरचा पाय

टेका इथं, गोष्ट सांगतो. पण आधी तो काटा बघा. डिझेल-पंपाचा दाब दाखवणाऱ्या मीटरच्या तबकडीवरचा काळा काटा, थरथरतोय, आणि जिथं उभा राहायचा त्याच्या निम्म्यावरच बसलाय, अडेल म्हशीसारखा. मिस्त्री त्याच्याकडे बघत उभा आहे.

गाडी त्याच्या थोरल्या भावाची, जुनी डिझेल. आज विकायचीय; भाऊ गिऱ्हाइकाला आणायला गेलाय, वहिनी शेडबाहेर बाकावर बसलीय. पंपात दाबच नाही... म्हणून तर इंजिन तापलं की चौकात बंद पडायची, आणि चालवायला असायची वहिनी. तेव्हाच हा मीटर लावला असता तर? काय धाड भरली होती? पण कामं पडली होती, कंटाळा होता, आणि जेवताना सगळ्यांसमोर तो बोलून गेला — गाडीला काही झालं नाही, वहिनीचा पायगुण आहे! क्लचवरच्या पायाबद्दल बोललो होतो हो मी... सगळे हसले, वहिनीसुद्धा. पुढं भावाची नोकरी गेली आणि आईनं तोच शब्द उचलला. ती हसत नव्हती. वहिनीनं त्या दिवसापासून स्टिअरिंगला हात लावला नाही, आणि आई तर तो शब्द घेऊनच गेली.

पंपाच्या अंगाला एक बूच असतं. त्यावर पंच, म्हणजे बोथट टोकाची लोखंडी कांडी, ठेवून हलकेच ठोकायचं, केसभर आत सरकलं की दाब चढतो. जास्त गेलं तर मागं येत नाही, सगळा पंप खोलत बसा. म्हणून तो टिचकी मारल्यासारखं ठोकतो, थांबतो, बघतो, पुन्हा ठोकतो — एवढं जिभेला जपलं असतंस तर, गाढवा... काटा चढतो. इंजिनाचा आवाज एकसारखा होतो, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा.

"काय होतं, भावजी?" वहिनी दारात येऊन उभी.

"पंप... जुना झालाय."

"आत्ता झाला?"

तो फडक्यानं हात पुसतो. पुसलेलेच हात पुन्हा पुसतो.

"आधीपासूनच असेल," तो म्हणतो. "एक फेरी मारून बघा ना, वहिनी."

"मी?" ती हसते. "नको बाई. गिऱ्हाईक यायचंय, आणि माझा पायगुण तुम्हाला ठाऊक आहे."

आणि तोही हसतो. हसायचं नव्हतं. आता बोल, आता — दोन शब्दांचं तर काम, पण तो पंच उचलून पेटीत ठेवतो. ती गाडीत, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसते, दार लावून घेते. पहिल्यांदाच त्याला वाटतं, हिला सगळं कळत असावं. ही वाट बघतेय.

तुमचं तिच्याकडे जाणंयेणं आहे, गाडीही आहे तुमची. एकदा किल्ली तिच्या हातात द्या आणि म्हणा, मला बाजारापर्यंत सोड. त्याचं नाव मात्र काढू नका. ते त्याचं त्यालाच काढू द्या, चूक कबूल करताना.