उचलली जीभ

प्राध्यापकबाईंनी तिच्या हनुवटीखाली गार जेल फासलं आणि साबणाच्या वडीएवढं एक यंत्र तिथं घट्ट टेकवून धरलं.

"मान हलवू नका," त्या म्हणाल्या. "आता काहीही बोला. तुमच्या भाषेतलं."

काहीही बोला! घरी तिला कुणी असं सांगितलं असतं, तर सांगणाऱ्याला जेवायला उशीर झाला असता. माहेरी तिचं नावच मुळी 'आकाशवाणी' होतं. सासरी तसं कुणी म्हणत नसे, पण म्हटलं असतं तर कुणी हरकतही घेतली नसती. इथं आल्यापासून मात्र तिची वाचा बसली होती. या परक्या देशात ती वाचाउपचार शिकायला आली होती. ज्या मुलांना धड बोलता येत नाही त्यांना बोलतं कसं करायचं, ते शिकायचं आणि परत जाऊन आपल्याकडच्या मुलांसाठी काम करायचं, असा बेत होता. आणि वर्गात तिनं तोंड उघडलं की समोरचा अगदी नम्रपणे म्हणे, "पुन्हा सांगता का?" दोनतीनदा पुन्हा सांगून झालं की ती हसून "काही नाही" म्हणायची. पुढं पुढं तर ती आधीच "काही नाही" म्हणायला लागली.

खोली लहानशी होती. भिंतींना आवाज गिळणारं जाड अस्तर होतं, त्यामुळं स्वतःचा श्वाससुद्धा कुणी शेजारी बसून घेतोय असं वाटे. वर्गातली चारसहा मुलं दाटीवाटीनं मागं उभी होती. तिनं पडद्याकडं पाहिलं. काळ्या-करड्या धुक्यात एक पांढरी वाकडी रेघ होती. असं जेल याआधी एकदाच तिच्या अंगाला लागलं होतं, पोटाला; आणि तेव्हाही असल्याच धुक्यात डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवलं होतं, ते बघा, हलतंय.

"बाळ," ती म्हणाली. का कोण जाणे, तोच शब्द ओठांवर आला.

पडद्यावरची रेघ सळसळली. प्राध्यापकबाई पुढं झुकल्या.

"पुन्हा?"

"बाळ."

"पुन्हा. सावकाश."

हे 'पुन्हा' निराळं होतं. तिनं हवं तेवढ्या वेळा म्हटलं. बाळ, डोळा, सकाळ, गूळ. मग प्राध्यापकबाईंनी सगळं थांबवलं आणि चित्र अगदी संथ करून परत लावलं. सुरुवातीला पाण्याचा घोट घ्यायला लावून त्यांनी तिच्या टाळ्याची रेघ पडद्यावर आखून घेतली होती. त्या रेघेखाली तिची जीभ, ती पांढरी वाकडी रेघ, निजल्यासारखी पडली होती. मग ती जागी झाली. टोक मागं वळलं, वर गेलं, टाळ्याला निसटतं टेकलं, आणि पुढं घरंगळत खाली आलं. एवढंच. हा ळ.

जन्मभर तिनं हे केलं होतं. भांडताना, भाजी निवडताना, झोपेत बरळतानासुद्धा. कुणी शिकवल्याचं आठवत नव्हतं, आणि शिकवणार तरी कोण आणि कसं? 'उचलली जीभ लावली टाळ्याला' असं सासूबाई तिला दिवसातून एकदा तरी ऐकवत. ते असं अक्षरशः खरं असेल, आणि इतकं सुंदर दिसत असेल, हे बोलणाऱ्या सासूबाईंनाही ठाऊक नसणार. तिला हसू आलं आणि डोळेही भरून आले.

मग एकच धमाल उडाली. ज्यानं त्यानं ळ म्हणून पाहिला. कुणाचा ल झाला, कुणाचा ड, आणि एका उंच मुलाच्या तोंडून जे निघालं त्याला कुठल्याच लिपीत अक्षर नसावं. वर्गातल्या कुरळ्या केसांच्या एका मैत्रिणीचं नाव तिनं मनातल्या मनात 'कुरळी' ठेवलं होतं. ते तिला पहिल्यांदाच मोठ्यानं सांगितलं, तर बिचारीला स्वतःचंच नाव घेता येईना. "कुरली? कुरडी?" करत ती हसून बेजार झाली. त्या दुपारी ती इतकं बोलली की कुरळीनं विचारलं, "तू आजवर कुठं होतीस?"

"लहान मुलांना हे फार आवडतं," प्राध्यापकबाई यंत्र पुसता पुसता म्हणाल्या. "स्वतःची जीभ दिसली की त्यांना ती वळवता येते. तुमची ही फिल्म तुम्हाला पाठवून देते."

तिला नेमकं तेच हवं होतं. आता तिला घरी फोन करायचा होता, आणि त्या फोनवर बरंच काही अवलंबून होतं.

घरी चार वर्षांची ठमाबाई होती. खरं नाव वेगळं, पण तिचा एकंदर रुबाब पाहून आजीनं ठमाबाईच करून टाकली होती. ठमाबाईला सगळं बोलता येई, फक्त ळ येत नसे. काळा कावळा तिच्याकडे 'काया कावया' होऊन येई आणि केळ्याचं 'केयं' होई. आई जवळ होती तोवर घरभर त्याचं कौतुक होतं. आई इकडं आल्यावर त्याच कौतुकाची तक्रार झाली. "लोकांच्या लेकरांना बोलतं करायला गेलीस," सासूबाई फोनवर म्हणाल्या होत्या, "आणि घरचं लेकरू य य करत बसलंय. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!"

ळ उशिरा येतो, बहुतेकांचा आपोआप येतो, हे तिला पाठ होतं. परीक्षेत या प्रश्नावर तिला पैकीच्या पैकी मिळाले असते. पण रात्री अंथरुणावर पडलं की तेच उत्तर खोटं वाटे. नवरा समजूतदार होता. तो म्हणाला, "सत्र संपलं की ये. तू हो म्हण, मी तिकीट काढतो. पुढचं पुढं बघू." पुढचं पुढं बघू म्हणजे काय ते दोघांनाही कळत होतं. परत जाणं म्हणजे हे शिक्षण सुटणं. आज तिनं त्याला उत्तर द्यायचं कबूल केलं होतं.

वरच्या मजल्यावरच्या वाचनालयाबाहेर खिडकीशी एक बाक होतं. तिथं बसून तिनं मांडीवर लॅपटॉप उघडला, फिल्म लावून ठेवली आणि फोन केला. इथं ऊन होतं, तिकडं दिवे लागले होते. फोन नवऱ्याच्या हातात होता, ठमाबाई ताटासमोर बसली होती आणि सासूबाई तिच्या मागं घास घेऊन लागल्या होत्या.

"ठमाबाई, एक गंमत बघायचीय?"

"कसली?"

"आधी बघ. मग ओळख."

तिनं मनात सगळा धडा तयार केला होता. ठमाबाई म्हणेल, नाही येत ओळखता. मग सांगायचं, ही आईची जीभ. मग आपण दोघींनी जीभ वर उचलायची, हळूच टाळ्याला लावायची. तिनं फोन लॅपटॉपच्या पडद्यासमोर धरला आणि फिल्म सुरू केली.

तिनं वाकून पाहिलं, तर ठमाबाईचं नाक फोनला जवळजवळ चिकटलं होतं. पांढरी रेघ वळली, वर गेली, टेकली, घरंगळली.

"मासोळी!" ठमाबाई ओरडली. तोंडात घास होता. "आजी, बघ ना! आईकडे मासोळी आहे! तुझ्या गोष्टीतली!"

"असेल हो बाई," सासूबाई म्हणाल्या. "आ कर."

फोन धरलेला तिचा हात तसाच राहिला. त्या एवढ्याशा तोंडात, घासाच्या अडचणीतून वाट काढत, ते टोक मागं वळलं होतं, वर गेलं होतं, टेकलं होतं. कुणी दाखवलं नव्हतं. रोज रात्री आजी गोष्ट सांगत होती, आणि त्या गोष्टीतून कधीतरी ळ आला होता. आणि तिथं बसलेल्या दोघांपैकी कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

"ठमा," ती म्हणाली, "काय आहे म्हणालीस?"

"मासोळी गं! मासोळी, मासोळी, मासोळी. तुला ऐकू येत नाही का?"

"येतंय."

"ती वर जाते आणि परत येते. तिचं तळं कुठंय?"

नवऱ्यानं मधेच तोंड घातलं. "मग? काय ठरवलंस? तिकीट काढून टाकू ना?"

तिनं फोन स्वतःकडे वळवला तेव्हा गालांवरून पाणी वाहत होतं, ते तिकडं दिसलं.

"बघ, रडायला लागली," सासूबाईंनी हातातला घास खाली ठेवला. "पोटचं पोर लांब ठेवून कुणाला चैन पडतंय? तू विचारत काय बसलास रे, काढ तिकीट."

पलीकडं ठमाबाई कुणाकडंच न बघता बोलत सुटली होती. मासोळी तळ्यात राहते, तळं काळं असतं, कावळा येतो आणि तिला म्हणतो...

"आई, थांबा जरा. तिकीट नको," ती सासूबाईंना म्हणाली. "तिला बोलू द्या."