काळा मेंढा

आमच्याकडे जिवंत माणसाला कुणी हीरोस म्हणत नाही. त्यासाठी आधी मरावं लागतं, आणि मेल्यावरही गावाच्या उपयोगी पडावं लागतं. अशा मयताच्या थडग्यापाशी खड्डा खणून मेंढ्याचं रक्त ओततात आणि त्याला नावानं हाक मारतात. मग तो त्या गावाचा राखणदार होतो.

लिथारा गावच्या निकारेताचा नवरा ओनासिमोस विहिरी खणायचा. पलीकडच्या डोंगरातल्या केरासात विहीर खणताना कड ढासळली. खाली तिघं होते. ओनासिमोसनं दोघांना टोपलीत कोंबून वर पाठवलं आणि स्वतः मातीखाली गेला. पाचव्या दिवशी त्याच विहिरीला पाणी लागलं. केरासाच्या लोकांनी प्रेत मानानं लिथाराला पोचवलं, पण लिथारानं ते चुनाभट्टीमागे पुरलं. कारण ओनासिमोस एके काळचा गुलाम, मुखियाच्याच घरचा.

"हातात भाला धरून मरतो तो हीरोस," गावचा मुखिया आर्खेदामोस तेव्हा चारचौघांत म्हणाला होता. "तुझा नवरा फावडं धरून मेला, बाई. घरी जा आणि रड."

निकारेता घरी गेली खरी, पण रडली नाही. आपल्या माणसाला या गावानं एकदा तरी हीरोस म्हणावं, एवढाच ध्यास तिनं घेतला. सहा वर्षं ती थडग्यावर एकटीच दूध ओतत राहिली. येणारेजाणारे हसायचे.

सातव्या वर्षी केरासाची माणसं आली. पुढं त्रासोन होता, टोपलीतून वर आलेल्या दोघांपैकी एक. सोबत एक काळा मेंढा.

"वहिनी," तो म्हणाला, "यंदा आसपासच्या सगळ्या विहिरी आटल्या. दादांची तेवढी भरलेली आहे. आम्ही देवाला कौल लावला. कौल आला, पाणी देणाऱ्याला घरी आणा. दादांच्या अस्थी द्या. वेशीत थडगं बांधतो."

तासाभरात ही बातमी गावभर झाली आणि आर्खेदामोस धापा टाकत चुनाभट्टीपाशी पोचला. मागं अख्खं गाव.

"अस्थी कुठंही जाणार नाहीत," तो म्हणाला. "ओनासिमोस आमचा माणूस. आमच्या मातीतला."

"भट्टीमागच्या," एक म्हातारी पुटपुटली.

आता सगळे निकारेताकडं बघू लागले, कारण रक्ताचं नातं कुणाचं नसेल तर निर्णय बायकोचा, हीच आमची रीत. ती ठाम आवाजात म्हणाली,

"ज्याला तो हवा आहे, त्यानं त्याला हीरोसाचा मान द्यावा. इथं, सगळ्यांदेखत. ज्याचं रीतीनं होईल, त्याचा तो."

आर्खेदामोसला घाई झाली. त्यानं कळपातला सगळ्यात देखणा मेंढा मागवला, दुधासारखा पांढरा. सुरी घेतली आणि मेंढ्याची मान आभाळाकडं वळवली.

गर्दीत कुणीतरी खुदकन हसलं.

"थांबा," निकारेता म्हणाली. "ही देवांची रीत. पांढरा मेंढा, मान वर. माझा माणूस वर आभाळात नाहीये, मुखियाजी. खाली आहे."

आर्खेदामोसचा चेहरा पडला. "मला शिकवतेस? माझे पणजोबा हीरोस, त्यांना आमचं घराणं दरवर्षी मेंढा देतं."

"देतं ना. पण पंधरा वर्षं त्या मेंढ्याची मान माझ्या नवऱ्यानं धरली. तुम्ही पाठ करून पाहुण्यांशी गप्पा मारत होतात. म्हणून तुम्हाला माहीत नाही."

यावर मात्र अख्खं गाव हसलं, आर्खेदामोसचे भाऊबंदसुद्धा. पांढरा मेंढा सुटून चुन्याच्या ढिगावर चढला.

त्रासोननं गुडघे टेकले. हातानंच खड्डा खणला, काळ्या मेंढ्याची मान जमिनीकडं वाकवली आणि रक्त थेट मातीत जाऊ दिलं. हाक मारताना त्याचा आवाज फाटला. "ओनासिमोस, हीरोस, मी त्रासोन. मला पोरं झाली, दादा. तुमचंच पाणी पितात. चला."

निकारेताला तिथंच रडू फुटलं. सहा वर्षांचं सगळं बाहेर आलं आणि तिनं ते पुसलंही नाही. "घेऊन जा त्याला," ती म्हणाली.

अस्थी लाकडी पेटीत भरल्या गेल्या, तेव्हा आर्खेदामोस आडवा आला. पण आता तो मुखियासारखा दिसत नव्हता. "बाई, आमच्याही विहिरी आटल्यात. हा गेला तर आमच्याकडं कोण बघणार?"

"त्याला विचारा. नावानं."

आर्खेदामोसनं मागं वळून गावाकडं पाहिलं. गाव त्याच्याकडंच बघत होतं. मग त्यानं पेटीसमोर मान खाली घातली. "ओनासिमोस," तो म्हणाला.

निकारेता हलली नाही. "एवढंच?"

"ओनासिमोस. हीरोस."

"मोठ्यानं म्हणा. मागच्यांना ऐकू आलं नाही."

त्यानं मोठ्यानं म्हटलं. मागच्यांनीही म्हटलं. सहा वर्षं हसलेले तेच लोक, तीच तोंडं. निकारेतानं शेवटच्या माणसापर्यंत सगळं ऐकून घेतलं, मग त्रासोनला पेटी उचलायला सांगितली आणि पेटीच्या पुढं, गावाच्या मधल्या रस्त्यानं, केरासाकडं निघाली.