तिसऱ्यांदा

ओव्हनचा टायमर वाजला. तान्हा नुकताच झोपला होता, घर कधी नव्हे ते शांत होतं आणि त्या शांततेत घंटी टर्र करत राहिली. मारित पाळण्यापाशीच थांबली. आई बंद करेल आता, असं तिला वाटलं. आईच्या, आर्डिसच्या, स्वयंपाकघरात घंटीला असं वाजत राहू दिलेलं तिनं उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. आज मात्र ती वाजतच राहिली.

मारित जाऊन बघते तर आई टेबलाशी बसलेली. हातात जाड मोजे चढवलेले, नजर ओव्हनवर. उठायचं तर आहे आणि उठवत नाही, अशी. मारितनं टायमर बंद केला, लिंबाच्या वड्यांचं ताट बाहेर काढलं. उद्या चर्चच्या तळघरात एका शेजाऱ्याच्या मयताचं जेवण होतं, आणि मिनेसोटातल्या त्या गावात मयताला वड्या लागत त्या आर्डिसच्याच.

बरं वाटत नाहीये का, म्हणून मारितनं विचारलं.

"छे गं. काही वाईट नाही."

हे त्या गावाचं सगळ्याला उत्तर. पीक बुडालं तरी काही वाईट नाही, हात यंत्रात गेला तरी काही वाईट नाही. आणि दुसरी रीत अशी की, कॉफी देऊ का म्हटलं तर आधी नको म्हणायचं. पुन्हा विचारलं तर, कशाला उगाच त्रास, म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की मग, बरं, अर्धाच कप. दोनदा विचारून जो थांबला त्याला द्यायचीच नव्हती, असं लोक समजत.

गेल्या आठवड्यात आर्डिस दवाखान्यात जाऊन आली होती. जबडा दुखतो, पाठ भरून येते, कपडे वाळत घालताना हात वर होत नाहीत. तिथल्या तरुण डॉक्टरनं छातीत दुखतं का ते विचारलं. एकदाच. छे, तसं काही नाही, म्हणाली ही. घरात हृदयाचा पेशंट आहे म्हणजे ताण असणारच, असं म्हणून त्यानं पित्ताच्या गोळ्या दिल्या. घरी येऊन आर्डिसनं हे हसत हसत सांगितलं, आणि मारितही हसली. तान्ह्यापायी तिची स्वतःची झोप कित्येक महिन्यांत पुरी झालेली नव्हती. थकवा हा काय बाईचा आजार झाला?

हृदय त्या घरात एकट्या वडिलांना, व्हर्लिनला, होतं. दोन वर्षांमागे तो गोठ्याच्या दारात छाती धरून खाली बसला आणि अर्धं गाव धावलं. तेव्हापासून जेवणातलं मीठ गेलं, लोणी गेलं. रोज सकाळी त्याच्या सदऱ्याच्या खिशात अ‍ॅस्पिरिनची डबी घालायची ती आर्डिसनंच. मारितच्या लिनेयाला, पाच वर्षांच्या पोरीला, तर तो खेळच झाला होता: छाती धरायची, गालिच्यावर पडायचं, बिस्किट दाखवलं की उठायचं.

तू पड जरा, बाकीचं मी करते, मारित म्हणाली. काही नको, तुझं पोर उठेल, आर्डिस म्हणाली. म्हणजे दोनदा झालं. आत तान्हा कुरकुरलाच. मारित दारापर्यंत गेलीही. इतकी दमली होती ती, की 'नको'ला 'नको' मानून मोकळं व्हावं, एवढंच तिला हवं होतं. पण जाता जाता तिनं मागे पाहिलं. ताट केव्हाच बाहेर आलं होतं, आईच्या हातातले मोजे मात्र तसेच होते. ओठ राखेसारखे.

ती परत आली, खुर्ची ओढून समोर बसली.

"आई, मी तिसऱ्यांदा विचारतेय."

आर्डिसनं मोजे उतरवून टेबलावर ठेवले. मग अर्धा कप घेताना काढतात तसल्या आवाजात म्हणाली, "बरं. कालपासून छातीवर मांजर बसल्यासारखं आहे. दुखतं असं नाही. नुसतं बसलंय."

मारितनं अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावला. पलीकडची बाई म्हणाली, घरात अ‍ॅस्पिरिन असेल तर चावायला द्या. हाक ऐकून व्हर्लिन अंगणातून आला, खिशातून डबी काढली. आर्डिसनं तोंड फिरवलं.

"त्या तुझ्या आहेत."

"गप चाव," व्हर्लिन म्हणाला. एवढ्या संसारात तो तिच्याशी असं कधी बोलला नव्हता. पण डबीचं झाकण काही त्याला उघडेना. शेवटी तिनंच उघडून दिलं.

हॉस्पिटलात दुपार सरली. रक्तवाहिनी मोकळी केलीय, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. जीव वाचला. पण हे कालच सुरू झालेलं, हृदयाचा थोडा भाग गेला तो गेलाच. माझ्यासारखं काहीच झालं नाही हो तिला, व्हर्लिन पुन्हा पुन्हा सांगत होता, जणू तक्रारच करत होता. बाईंनी थकून मान हलवली. छाती बायकांचीही भरते, म्हणाल्या, पण बरोबर जबडा, पाठ, दमणूक एवढं सगळं घेऊन येते, की त्या गर्दीत तीच हरवते.

मारित कोपऱ्यातल्या खुर्चीत तान्ह्याला पाजत बसली. पाठ भरून आली होती. रोजच येई. आजीला बघून आलेली लिनेया शेजारी चढून बसली. वड्या कापल्या का, एवढंच आजीनं तिला विचारलं होतं.

"आजोबांचं दुखलं तेव्हा त्यांनी असं केलं," लिनेयानं छाती धरून दाखवली. या वेळी पडली मात्र नाही. "आजीनं काहीच नाही केलं."

"नाही केलं खरं."

पोर आणखी जवळ सरकली. मग आईच्या दंडावर गाल टेकून म्हणाली, "आई, तुझं दुखायला लागलं, तर मला कसं कळणार?"