सत्यभामाबाईंची हाऊजी

"अठ्ठेचालीस! सरोजिनीचा वय, गेली धा वर्सं!"

"सात! सेक्रेटरीच्या डोक्यावरचे केस!"

आमच्या सासूबाई, सत्यभामाबाई, हाऊजीचे नंबर अशा पुकारायच्या. अख्ख्या सोसायटीची इज्जत निघायची आणि लोक ती काढून घ्यायला पुढच्या खुर्च्या धरून बसायचे. सरोजिनी काकू हसता हसता पदर तोंडात कोंबायच्या. सेक्रेटरी जयप्रकाश काका टकलावरून हात फिरवत फळ्यावर सात लिहायचे. दर सव्वीस जानेवारीला हेच. सकाळी झेंडा, मग सत्यनारायण, जेवण आणि हाऊजी. आमची सोसायटी नेरूळला, आई तिथल्याच सारसोळेच्या कोळीवाड्यातल्या. फ्लॅटमध्ये राहायला आल्या, पण आवाज काही फ्लॅटचा झाला नाही.

मी साताऱ्याची, त्यात बेलापूरला अकाउंट्समध्ये. मला हे बघून घाम फुटायचा. आई पिशवीत हात घालून टोकन काढायच्या, त्याच्याकडे धड बघायच्याही नाहीत, पुकारून मोकळ्या.

"आई, चष्मा तरी लावा!"

"नको गो. मना दिसते सगला."

टोकन सरळ मांडीवरच्या डब्यात. वर मध्येच उठून "कोनाचा किती राहिला?" करत सगळ्यांच्या तिकिटात डोकावून यायच्या. घरी आल्यावर मी नवऱ्याजवळ, प्रणयजवळ, कटकट करायचे. तो म्हणायचा, "जाऊ दे ना. मला आयुष्यात एकदाही लागली नाही, मी बोलतो का?" खरंच, इतकी वर्षं तिकीट घेऊन त्याला साधी एक ओळ लागली नव्हती. आई स्वतःच्या एकुलत्या एका पोराला सगळ्यांसमोर म्हणायच्या, "फुटक्या नशिबाचा हाय माजा पोर!"

गेल्या भाऊबीजेनंतर आई गेल्या. आदल्या दिवशी बोंबील तळत होत्या आणि दुसऱ्या दिवशी नव्हत्या. घर इतकं गप्प झालं की फ्रिजचा आवाज यायला लागला. प्रणय रडला नाही. ऑफिसला जायचा, यायचा, जेवायचा, झोपायचा. मला त्याची भीतीच वाटायला लागली होती.

जानेवारीच्या मीटिंगमध्ये जयप्रकाश काका म्हणाले, "ताईंशिवाय हाऊजी कोण करणार? त्यापेक्षा गुडघेदुखीवर व्याख्यान ठेवू. माझ्या ओळखीचे डॉक्टर आहेत."

आमची मनस्वी पाचवीत आहे, पण आवाज आजीचा. ती ताडकन उभी राहिली. "आजीची हाऊजी बंद नाही करायची! माझी आई पुकारेल!"

घरी गेल्यावर बघते तुला, असं मी डोळ्यांनी सांगितलं. पण सगळ्यांसमोर माघार कशी घेणार?

"ठीक आहे," काका म्हणाले. "जमलं तर हाऊजी. नाही जमलं तर पुढच्या वर्षीपासून गुडघे."

सव्वीस तारखेला मी आईंच्या खुर्चीत बसले, चष्मा लावून. टोकन काढायचं, नीट बघायचं, काकांना दाखवायचं, मग पुकारायचं. "चौतीस. तीन आणि चार, चौतीस." पब्लिक जांभया द्यायला लागलं.

"वहिनी, बँकेत टोकन पुकारताय काय?" बी विंगचा निशांत ओरडला.

मग मी विनोद करून बघितला. "बारा! बारा म्हणजे... डझन!" मनस्वीने कपाळावर हात मारला.

तरी ओळी लागल्या. उरलं फुल हाऊस, बक्षीस कॅसरोलचा सेट. मी पुकारतेय, पुकारतेय, आणि एकदा पिशवीत हात घातला तर हाताला टोकनच लागेना. पिशवी उलटी केली. एक वेलची पडली. फुल हाऊस कोणाचंच झालं नव्हतं.

काका फळ्याकडे बघत राहिले. "अहो, वीसेक नंबर आलेच नाहीत! टोकनं गेली कुठे?"

"एक फ्रिजच्या पायाखाली आहे," मनस्वी म्हणाली. "फ्रिज हलत होता ना. दोन कॅरममध्ये आहेत. बाकीची माझ्या जन्माच्या आधीच हरवलीत, आजी म्हणायची."

"मग इतकी वर्षं फुल हाऊस लागायचं कसं?"

मग निशांत हळूच म्हणाला, "माझी नोकरी गेली, त्या वर्षी मला मिक्सर लागला होता."

"आमचे हे गेले, त्या वर्षी मला," सरोजिनी काकू म्हणाल्या.

"म्हणजे ताई चीटिंग करायच्या?" काकांचा आवाज चढला. "माझ्या फळ्यावर?"

मला मात्र आमच्या ओट्यावरचा कुकर दिसत होता. माझे बाबा वारले, त्या वर्षी मला लागलेला. जन्मात पहिल्यांदा काही लागलं म्हणून मी मांडवात उड्या मारल्या होत्या आणि आई सगळ्यांना सांगत सुटल्या होत्या, "नशिबाची हाय माजी सून!" नशीब कसलं डोंबलाचं! स्वतःच्या पोराला कधी एक ओळ लागू दिली नाही बाईने, आणि सुनेला पाच लिटरचा कुकर. मला एकदम भरून आलं.

"चला, गुडघे," म्हणत काका फळा पुसायला उठले.

"थांबा काका. खेळ संपलेला नाही."

मी चष्मा काढून ठेवला. "कोनाचा किती राहिला?" करत खुर्च्यांमधून फिरले. शेवटच्या रांगेत प्रणय बसला होता. तिकीट दोन्ही हातांत घट्ट धरलेलं, त्यावर एकच नंबर उरलेला. इतक्या जवळ तो कधीच आला नव्हता.

खुर्चीत येऊन मी ती वेलची पिशवीत टाकली. हात घातला, चांगलं ढवळलं आणि वेलची बाहेर काढली. सगळे बघत होते. मीही नीट निरखून बघितली.

"सदुसष्ट!" मी ओरडले. "सत्यभामाचा वय, गेली धा वर्सं!"

असा हशा उठला की पूजेचे भटजी प्रसाद सोडून बघायला आले. काकांनी पिशवीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि खडू उचलून फळ्यावर सदुसष्ट लिहिलं.

मागे प्रणय उभा राहिला. त्याला "हाऊस" नीट म्हणताच येईना. कॅसरोल छातीशी धरून तो सगळ्यांसमोर ढसाढसा रडला, आणि सोसायटी टाळ्या वाजवत राहिली.

काकांनी त्याचं तिकीट फळ्याशी ताडून बघितलं. "बरोबर आहे," ते नाक पुसत मला म्हणाले. "फक्त पुढच्या वर्षी माझे केस आठ पुकार."