एकतिसाव्या पानावरचं वाक्य

बुचाला अजून वाइनचा वास होता... दातांत ते आडवं धरून नातिया आरशासमोर तीच इंग्रजी ओळ सातव्यांदा म्हणत होती आणि सातव्यांदाही जीभ ऐन वेळी मागे सरत होती. बूच धरून बोललं की उच्चार सुटे होतात, असं शेजारच्या खोलीतली भाडेकरू सांगून गेली होती. उच्चार सुटे झाले की नाही कोण जाणे, जबडा मात्र दुखायला लागला होता. फोनवर स्वतःचा आवाज ऐकताना तिला दर वेळी नवल वाटे – ही कोण बाई? तिकडे जॉर्जियात, तिबिलिसीला घरी मी बोलते तेव्हा माझा आवाज खाली छातीत असतो, आणि इंग्रजीत शिरले की तो वर चढून नाकाशी बसतो, परक्या घरी आलेल्या पाहुण्यासारखा, खुर्चीच्या अगदी कडेला.

शुक्रवारी तपासणी होती. पहिल्या वर्षाचं काम तिघांनी वाचायचं, तासभर प्रश्न विचारायचे आणि ठरवायचं – संशोधन पुढे चालू, की लहान पदवी घेऊन परत घरी. मागच्या खेपेला त्यांतल्या एकाने समासात लिहिलं होतं: भाषा सुधारावी, म्हणणं काय आहे ते कळत नाही. यातला पहिला भाग तिने मनावर घेतला होता. बूच, आरसा, रेडिओवर बातम्या देणाऱ्या बाईच्या मागोमाग बोलणं... दुसरा भाग ती पहिल्यातच धरून चालली होती. वाक्यं सुधारली की म्हणणं दिसेलच, जाणार कुठे?

दुपारी ती विद्यापीठाच्या लेखन-मदतीच्या खोलीत गेली. इशबेल रँकिन नावाची निवृत्त शिक्षिका तिथे आठवड्यातून दोन दिवस बसत असे. तिथला नियम असा, की मदत करणाऱ्याने विद्यार्थ्याच्या कागदावर पेन टेकवायचं नाही. विद्यार्थ्याने मोठ्याने वाचायचं आणि समोरच्याने ऐकायचं. ग्लासगोच्या शाळांतून चाळीस वर्षं लाल शाई चालवलेल्या इशबेलला हे इतकं जड जाई, की हात गुंतवून ठेवायला ती विणकाम घेऊन बसे. राखाडी मोजा, चार सुया. नातियाने हेरून ठेवलं होतं – वाचता वाचता मध्येच सुया थांबतात. थांबल्या म्हणजे आपण चुकलो, हे उघडच होतं. आज ती मुद्दाम पेन्सिल हातात धरून बसली. सुया थांबतील त्या ओळीपाशी टिंब द्यायचं, आणि घरी जाऊन ते शब्द घोटायचे.

"कर सुरू, पोरी," इशबेल म्हणाली. "घाई नको. मोजा कुठे पळून जात नाही."

नातिया वाचू लागली. सरकत्या डोंगरउतारांवरचं प्राध्यापक ओतार यांचं मोलाचं काम... सुया चालू. त्यांचे गुरू, त्या गुरूंचे समकालीन, त्यांच्याही आधी घोड्यावरून नकाशे काढत फिरलेले... सुया चालूच. एक लांबलचक शब्द तिने चक्क गिळला, सुयांना त्याचं काहीच नव्हतं. हे काय गौडबंगाल आहे? कुतूहलाने ती स्वतःचंच वाचन ऐकू लागली, आणि ऐकता ऐकता तिला राचातल्या, त्यांच्या डोंगराकडच्या गावातल्या अंगणातलं लांब टेबल दिसलं – मामा वाइनचा पेला उंचावून उभा, तिकडच्या रीतीप्रमाणे आधी देवाचं नाव, मग गेलेल्यांचं, मग यजमानाचं, मग एकेका वडीलधाऱ्याचं, गुण सांगून, कुणी राहून जाऊ नये म्हणून जपून... आणि दारात ताट घेऊन थांबलेली बारा वर्षांची ती. मागच्या पाटातलं पाणी तळघरात शिरतंय, एवढंच तिला सांगायचं होतं. पण थोरांचं झाल्याशिवाय मध्ये बोलायचं नसतं. तिची पाळी आली तेव्हा तळघरात घोट्यापर्यंत पाणी होतं. म्हणजे तीस पानं मी पेला धरून उभीच आहे की काय? तिला हसू आलं, ते तिने खोकल्यात लपवलं.

एकतिसाव्या पानावर सुया थांबल्या.

तिथे अवघड शब्द एकही नव्हता. दोन उन्हाळ्यांच्या मोजमापांत उतार जिथे सरकला तिथे पाऊस जास्त नव्हता. तिथे गावाने सोडून दिलेले जुने पाट बुजलेले होते. नातियाने टिंब दिलं आणि जीभ नीट दातांना लावून ते वाक्य पुन्हा म्हटलं.

"उच्चाराचं सोड गं," इशबेल म्हणाली. विणकाम तिने मांडीवर ठेवलं होतं. "पाट का सोडले त्यांनी?"

"माणसं शहरात गेली. साफ करायला कुणी उरलं नाही."

"हे आधी कुणी लिहिलंय?"

"नाही. ओतार सरांनी पाऊस हेच कारण लिहिलंय... वीस वर्षं तेच लिहितायत."

"हं. म्हणून एकतिसाव्या पानावर."

नातियाने मग धीर करून सुयांचं विचारलं. इशबेल मनापासून हसली. "तुझ्या चुकांना थांबत बसले असते तर हा मोजा पुढच्या हिवाळ्यात झाला असता. कान लागला की हात थांबतात माझे, एवढंच."

जिन्यावरून उतरताना ती मध्येच थांबली. ओतार सरांनी तिला मोजमाप शिकवलं होतं, शिफारसपत्र लिहून इथे पाठवलं होतं. हे वाक्य पहिल्या पानावर आलं तर त्यांना वाईट वाटणार, यात शंका नव्हती. आणि आलं नाही तर शुक्रवारी तिघं पुन्हा तेच विचारणार... इंग्रजी येत नाही – केवढी सोयीची जागा होती ती, दडून बसायला. तिने ते वाक्य जॉर्जियन भाषेत म्हणून पाहिलं, हळू आवाजात, सरच समोर आहेत असं धरून. आपल्याच भाषेत, आपल्याच आवाजात, छातीतून. सुरुवातीला आभार आले, मग त्यांच्या कामाचा मोठेपणा आला, आणि पाटांपाशी येऊन जीभ अडली.

आपल्या भाषेतसुद्धा? एका मुलाला वर जायचं होतं. ती भिंतीला सरकली. पुन्हा. या वेळी आधी पाट – सर, ते पाट बुजलेले होते... पुढे ते काय म्हणतील? कुठले पाट, किती खोल, कधीपासून? तिला भीती वाटत होती आणि तरी ते प्रश्न ऐकायचे होते, एकेक करून, सगळे. कारण एकाचंही उत्तर तिला दुसऱ्या कुणाच्या पुस्तकात शोधावं लागणार नव्हतं.